भाकरीला बाई पाहिजे

सकाळी मुक्ताबाईनं मेसचं शटर वर ढकललं आणि आत पाऊल टाकता टाकताच तिची नजर खुंटीकडं गेली. भाकरी करणाऱ्या महेश्वरीची पिशवी तिथं नव्हती. तवा घासून भिंतीला टेकवलेला, काठवट पालथी घातलेली, ओटा लख्ख पुसलेला. जाणारी बाई एवढं आवरून गेली होती, म्हणजे परत यायचा विचार नव्हता.

"गेली वाटतं," मागनं आबाराव म्हणाला. तो मुक्ताबाईचा नवरा. पवनचक्कीच्या टॉवरवरची रात्रपाळी करून आत्ताच आला होता. कंपनीच्या गार्डाची टोपी अजून डोक्यावरच होती.

"गेली. तुमच्यावानीच."

आबारावानं टोपी काढून खुंटीला अडकवली. मेस सुरू केली तेव्हा भाजी आणायचा, डबे पोचवायचा जिम्मा त्याच्याकडं होता. पण पवनचक्कीवर वॉचमन घ्यायला लागले तसा तोही एके दिवशी नाव नोंदवून आला. लग्नाचा नवरा जिथं टिकला नाही तिथं पगारी बाई काय टिकायची, असं मुक्ताबाई येईल-जाईल त्याला ऐकवायची. ऐकणारे हसायचे. ती हसत नसे.

ईट गाव दोन-अडीच वर्षांत ओळखू येईनासं झालं होतं. ज्या माळावर हुलगेसुद्धा धड येत नव्हते, तिथल्या वाऱ्याला भाव आला. क्रेन आल्या, पात्यांचे लांबलचक ट्रेलर आले, आणि त्यांच्यामागं बिहारची, झारखंडची, तामिळनाडूची माणसं आली. ज्याच्याकडं जास्तीची खोली होती त्यानं ती भाड्यानं दिली, ज्याच्याकडं नव्हती त्यानं गोठ्यावर नवे पत्रे टाकले आणि जनावरं बाहेर बांधली. पोरं गार्ड झाली, ड्रायव्हर झाली, ट्रेलरपुढं लाल झेंडी घेऊन पळायला लागली. बायका साहेब लोकांच्या गेस्टहाऊसवर झाडलोटीला गेल्या. न्हावी गेला, पंक्चरवाला गेला. दाढी करायची तर तालुक्याला, भूमला जावं लागे. गावात पैसा खेळत होता, पण कामाला माणूस म्हणून मिळत नव्हता.

मुक्ताबाई आधी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. एके दिवशी जमीन मोजायला आलेल्या एका पोरानं दारात येऊन विचारलं, "माँजी, खाना मिलेगा?" तिनं त्याला पिठलं-भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी तो मित्रांना घेऊन आला. तिथनं ही मेस. सुरुवातीला भात मागणारी परमुलखातली पोरंसुद्धा आता भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या येसर आमटीत भाकरी कुस्करून खायला शिकली होती. आमटी, भाजी, भात मुक्ताबाई एकटीनं ओढायची. पण भाकरीला वेगळी बाई लागते. सकाळपासून दुपार टळेपर्यंत भट्टीपुढनं हलायचं नाही, आणि पहिल्या भाकरीसारखीच शेवटची भाकरी फुगली पाहिजे.

मेसवर एक सिद्धम्मा तेवढी टिकली होती. उमरग्याकडची, कानडी घरातली. तिचा नवरा वीरप्पा क्रेनवर हेल्पर होता. तिचं लेकरू आईकडं होतं आणि त्याच्या आठवणीनं ती काम करता करता रडायची, तेव्हा मुक्ताबाई म्हणाली होती, "घेऊन ये की हितंच. खेळंल पोत्यांच्या मागं." तेव्हापासनं सिद्धम्मा तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागली. पण तिच्या हातची भाकरी तिकडच्या पद्धतीची, कडक. ट्रेलरचा ड्रायव्हर एकदा म्हणाला होता, ही भाकर आहे का कौल?

"अव्वा, आज काय करायचं?" सिद्धम्मानं विचारलं.

"तू कांदा चिर. म्या बाई घेऊन येते," असं म्हणून मुक्ताबाई पदर खोचून निघाली.

तिनं सगळं गाव पालथं घातलं. एका घराला कुलूप, दुसऱ्या घरात सासूबाई एकटी, तिसऱ्या घरची सून हसून म्हणाली, "मावशी, भट्टीपुढं कोण भाजून घेईल? तिकडं पंख्याखाली चादरी बदलायच्या असत्यात." चालता चालता मुक्ताबाई बलभीमरावांच्या दारात येऊन थांबली. त्यांच्याकडं राबणारी एखादी मोकळी असेल, असं तिच्या मनात आलं.

ह्याच घरच्या रानात मुक्ताबाईनं कितीतरी वर्षं खुरपण केलं होतं. बलभीमरावांची बायको कमलबाई बांधावर उभी राहून ओरडायची, "मुक्ते, ती पात राहिली बघ!" ह्या घरचा चहा पिऊन झाला की कप स्वतः विसळून वळचणीला ठेवावा लागायचा, त्यालाही फार वर्षं झाली नव्हती. आता बलभीमरावांच्या रानात टॉवर उभा होता. त्यांनी पिकअप घेऊन कंपनीकडं भाड्यानं लावली होती आणि दिवसभर ते तीच हाकत असायचे.

कमलबाई ओसरीवर एकटीच बसली होती. समोर टीव्ही चालू, पण तिचं लक्ष रस्त्याकडं.

"वैनी, तुमच्याकडली एखादी बाई मिळंल का भाकरीला? लई अडचण झालीय."

"माझ्याकडं कुठली बाई आता? रानात काँग्रेस गवत माजलंय नुसतं." कमलबाईनं टीव्ही बंद केला आणि एकदम म्हणाली, "म्या येऊ का?"

मुक्ताबाईला आधी थट्टा वाटली. "तुमी? माझ्या मेसवर?"

"का? माझ्या हातच्या फुगत न्हाईत व्हय? घरात दोन माणसांच्या चार भाकरी थापायच्या आन् दिवसभर ह्या डब्याकडं बघत बसायचं. येड लागायची पाळी आलीय मला, मुक्ते. चल, पीठ मळायचं का ऱ्हायलंय?"

तिनं चपला पायात सरकवल्यासुद्धा.

*

कमलबाईच्या हाताला खरंच जादू होती. पातळ, मऊ, कडेपर्यंत सारखी, आणि तव्यावरून उतरली की टम्म फुगलेली. खाणारे मागून घ्यायला लागले. दुसऱ्या मेसवरची माणसं इकडं वळली. मुक्ताबाईला वाटलं, आता आपण सुटलो.

पण सुटका कसली. कमलबाई कामाला आली होती, पण तिच्याबरोबर तिचा बांधही आला होता. ती मनाला येईल तेव्हा यायची. एखाद्या दिवशी उजाडायच्या आधी, तर एखाद्या दिवशी लोक ताटं घेऊन बसल्यावर. "ए कानडी, पाणी आण," म्हणून सिद्धम्मावर खेकसायची. आमटीत चमचा घालून, चाखून, भरल्या मेसमध्ये म्हणायची, "मुक्ते, मीठ कमी पडलंय बघ." लोकांच्या माना वर व्हायच्या. मालकीण कोण आणि कामाला कोण, नवीन आलेल्या माणसाला उमगत नसे.

मुक्ताबाई काही बोलत नव्हती. बोललं आणि ही गेली तर? उशीर झाला तर ती स्वतः पीठ मळून ठेवायची, वाढप सोडून सरपण सरकवायची, कमलबाईला चहा आधी द्यायची. सिद्धम्माला मागच्या दाराशी नेऊन समजूत घालायची, "जाऊ दे गं, मोठ्या घरची हाय." स्वतःच्याच मेसमध्ये ती पुन्हा कुणाची तरी मजूर झाल्यासारखी वागत होती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळ्यापुढं एकच, उद्या येईल का? सकाळी शटर उघडायच्या आधी ती रस्त्याच्या वळणाकडं बघत उभी राहायची. कमलबाईचं लुगडं दिसलं की जीव खाली पडायचा, आणि ती जवळ आली की तिच्या पहिल्या वाक्यानंच पुन्हा वर चढायचा.

अशात एके दुपारी बलभीमराव मेसपुढं पिकअप लावून खाली उतरले. आत आले नाहीत. रस्त्यावरूनच त्यांनी हाक मारली.

"अगं ए, बाहेर ये."

मेस गच्च भरलेली. सगळे घास हातात धरून बघायला लागले. कमलबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मग मान वळवली. "काय झालं?"

"घरी चल. दिग्विजय म्हणतोय, मामीनं लोकांच्या भाकरी बडवाव्यात म्हणजे लई झालं. माझी काय इज्जत?"

दिग्विजय म्हणजे त्यांचा भाचा, बहिणीचा मुलगा. गेस्टहाऊसचं कँटीन चालवायचा.

"भाकर तव्यावर हाय," कमलबाई म्हणाली. "ही उतरू द्या, मग बोलते."

बलभीमराव उन्हात उभे राहिले. भाकरी उतरली. कमलबाईनं दुसरा गोळा हातात घेतला. ती उतरली, तिसरा घेतला. शेवटी त्यांनीच गाडीचा दरवाजा आपटला आणि निघून गेले. मेसमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मुक्ताबाई मात्र हसली नाही. कमलबाईला ती एवढंच म्हणाली, "वैनी, दमला असाल. ऱ्हाऊ द्या आता, बसा जरा."

कमलबाईनं तिच्याकडं एक नजर टाकली. त्या नजरेत काय होतं ते मुक्ताबाईला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमलबाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सिद्धम्माच्या कडक भाकऱ्या लोकांनी निम्म्या टाकल्या. चौथ्या दिवशी आबाराव बातमी घेऊन आला. "तुझी वैनी दिग्विजयच्या कँटीनला लागली. सुपरवायझर. गळ्यात कार्ड हाय."

मुक्ताबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. नवऱ्याच्या धाकानं बसली असती, आजारी पडली असती, तर तिला वाईट वाटलं असतं आणि तिथंच संपलं असतं. पण काम सोडून दुसऱ्याच्या कामावर? आणि तेही त्याच भाच्याकडं, ज्याला मामीनं भाकरी बडवलेल्या खपत नव्हत्या?

"सिद्धम्मा, आमटीकडं बघ," म्हणून ती तशीच निघाली. पीठ लागलेल्या हातानं, चपलेचा अंगठा तुटलेला, गेस्टहाऊसची चढण चढून गेली.

*

कँटीन गार होतं. मोठा पंखा, स्टीलची टेबलं, कोपऱ्यात चपातीचं मशीन घरघरत होतं. दोन पोरं त्याच्या तोंडातून पडणाऱ्या चपात्या उचलून डब्यात टाकत होती. कमलबाई खुर्चीत बसली होती. गळ्यात निळ्या फितीचं कार्ड, मांडीवर रिकामे हात.

मुक्ताबाईला बघून दिग्विजय पुढं आला. "या मावशी. जेवायला का?"

"तुझ्या मामीशी बोलायचंय."

"मामी ड्युटीवर आहेत."

"असू दे. ड्युटीवर बोलते."

कमलबाई उठली नाही. "काय गं मुक्ते?"

"सांगून तरी जायचं होतं, वैनी. चार दिस मी रस्त्याकडं बघत उभी ऱ्हायले."

"सांगायला तू काय इचारतीस का कधी?" कमलबाई एकदम बोलायला लागली, जणू हे तिच्या तोंडात बरेच दिवस घोळत होतं. "उशिरा आले तरी तू गप. पीठ सांडलं तरी तू गप. भाकर करपली तरी 'असू द्या वैनी'. त्या कानडीला तू दिवसातनं धा येळा वरडतीस आन् ती हसती. मला मातर चहा आदी. पावणी हाय का म्या तुझी? त्या दिवशी मालकाला त्या उन्हात उभं केलं कुणासाठी? आन् तू म्हणतीस, बसा जरा!"

मुक्ताबाई म्हणाली, "बोलले असते तर तुमी गेला असता."

"न बोलता बी गेलेच की."

मशीन घरघरत होतं. दिग्विजय मधे काहीतरी म्हणाला, त्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मुक्ताबाईच्या अंगातला महिनाभराचा ताण एकदम वर आला.

"मग ऐका. उजाडताना यायचं म्हंजे उजाडताना यायचं. तुमी येईस्तवर लोकं ताटं वाजवत्यात. सिद्धम्माला तिच्या नावानं हाक मारायची, तिला नाव हाय. आमटी माझी हाय, मीठ कमी असलं तर माझ्या कानात सांगायचं, मेसला न्हाय. आन् मला मुक्ते म्हणायचं न्हाय. तुमच्या रानात म्हणला, ऐकून घेतलं. ती मेस माझी हाय."

कमलबाईचा चेहरा लाल झाला. "मग काय म्हणू तुला? मालकीणबाई?"

"मुक्ताबाई म्हणा. सगळं गाव म्हणतंय."

"जा तू हितनं," कमलबाई म्हणाली. आवाज बारीक, पण त्याला धार होती.

मुक्ताबाई चढण उतरून आली. बाई तर गेलीच, वर मोठ्या घराशी वाकडं आलं, असं तिच्या मनात येत होतं. तरी एकदाचं बोलून झालं होतं. त्या दुपारी तिनं सिद्धम्माला जवळ बसवून भाकरी थापायला शिकवायला सुरुवात केली. पाणी जरा जास्त तापव, पीठ आणखी मळ, कडेला बोटं दाबू नको. सिद्धम्माच्या दहा फुटायच्या, एखादी फुगायची. खाणारे कुरकुरले, काही गेले, बरेच टिकले.

आठवडा-दीड आठवडा गेला असेल. एका पहाटे मुक्ताबाई शटर उघडत होती, तर पायरीवर कमलबाई बसलेली. कार्ड गळ्यात नव्हतं. काही न बोलता ती आत गेली, हात धुतले, काठवट पुढं ओढली.

"सिद्धम्मा, पीठ दे," ती म्हणाली.

मुक्ताबाईला मात्र तिनं काहीच हाक मारली नाही. मुक्ताबाई म्हणणं तिच्या जिभेला जड जात होतं आणि मुक्ते म्हणायचं नव्हतं. मधला रस्ता म्हणून "ओ बाई", "अवं" असं काहीतरी ती म्हणायची. मुक्ताबाईनं तेवढ्यावर समाधान मानलं. पण आता उशीर झाला की ती बोलायची, आणि कमलबाई दात-ओठ खात ऐकून घ्यायची, कधी उलट बोलायची. दोघींची रोज एकदा तरी वाजायचीच. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली. आणि एके दिवशी मुक्ताबाईनं आतून ऐकलं, कमलबाई फोनवर नवऱ्याला सांगत होती, "न्हाय जमायचं आज पावण्यांकडं यायला. मुक्ताबाईनं सुट्टी दिली न्हाय."

सुट्टी तिनं मागितलीच नव्हती. त्या दिवशी आमटीला फोडणी देताना मुक्ताबाई गुणगुणत होती.

*

थंडी सुरू झाली तशी माळावरची घाई ओसरायला लागली. शेवटच्या टॉवरला पाती चढली. अवाढव्य क्रेन सुटी करून तिचे तुकडे ट्रेलरवर चढवायला घेतले. परमुलखातली पोरं पिशव्या भरून हिशेबाला उभी राहिली. गेस्टहाऊस अर्धं बंद झालं आणि दिग्विजयनं कँटीन गुंडाळलं. गार्ड कमी केले, त्यात आबाराव घरी बसला. बलभीमरावांची पिकअप दारात धूळ खात उभी राहिली.

आणि आता मेसच्या दारात बायका यायला लागल्या. सकाळी एक, दुपारी दोन. "भाकरीला बाई पाहिजे होती ना?" महेश्वरीसुद्धा आली आणि खाली मान घालून उभी राहिली. सगळं वर्ष ज्याच्यासाठी मुक्ताबाई गावभर वणवण फिरली होती ते माणूसबळ दारात उभं होतं, आणि आत ताटं पालथी पडलेली होती. मुक्ताबाईला राग यावा असं वाटत होतं, पण आला नाही. एकेकीला चहा पाजून तिनं परत पाठवलं.

"आता बस की जरा सुखानं," आबाराव म्हणाला.

तिला बसवेना. ती डबे मोजायची, पुन्हा लावायची, रस्त्यावर जाऊन यायची. वीरप्पा सांगत होता की क्रेन लोहाऱ्याकडं, सास्तूरच्या पलीकडं चाललीय, तिथं नवीन काम निघालंय. सिद्धम्माचं जाणं ठरलेलंच होतं. "अव्वा, तुम्ही बी चला," ती म्हणाली. "तिथं बी माणसं जेवणारच."

एका दुपारी मुक्ताबाईनं कमलबाईपुढं विषय काढला. "वैनी, म्या जाते म्हणते सास्तूरला. तुमी येताव का?"

कमलबाईनं हातातली भाकरी थापून पूर्ण केली. "म्या न्हाय येत. माझं घर हितं हाय. पण ही मेस बंद करू नका. टॉवरला तेल-पाणी करणारी पोरं हायती, ऱ्हायलेले गार्ड हायती, तुमचा मालक हाय. तेवढ्यांचं म्या बघते. महेश्वरीला हाताखाली घेते, पण पहिल्याच दिशी तिला सगळं सांगून ठेवते."

मुक्ताबाईनं किल्ली तिच्यासमोर ठेवली. कमलबाईनं पिठाचा हात पदराला पुसला आणि किल्ली कमरेला खोचली.

भांडी न्यायला गाडी पाहिजे होती. मुक्ताबाईनं बलभीमरावांची पिकअप ठरवली. भाड्याचं बोलणं कमलबाईनंच केलं, नवऱ्याला एका शब्दानं बोलू न देता. निघायच्या दिवशी आबारावानं दोर आवळले. तो ईटलाच राहणार होता, कमलबाईला भाजी आणून द्यायला. सिद्धम्मा लेकराला घेऊन भांड्यांच्या मधे बसली. मुक्ताबाई पुढं. गावाबाहेर पडल्यावर बलभीमराव म्हणाले, "तिकडं रस्ता बेकार हाय म्हणत्यात."

"असू द्या. सावकाश चला."

धाराशिवच्या पुढं वाहतूक तुंबली होती. क्रेनचे तुकडे घेतलेले ट्रेलर एकामागं एक गोगलगाईसारखे सरकत होते, आणि एका वळणावर तर सगळेच थांबले. पुढचा ट्रेलर वळेपर्यंत बराच वेळ जाणार, असं दिसत होतं. बलभीमरावांनी इंजिन बंद केलं आणि मान मागं टाकली. सिद्धम्माचं लेकरू झोपलं होतं.

मुक्ताबाई थोडा वेळ बसली. पुढची लांबलचक रांग बघितली, दरवाजा उघडला आणि खाली उतरली.

"कुठं चालला?" बलभीमरावांनी विचारलं.

"आलेच."

पदर खोचून ती रांगेच्या कडेनं चालायला लागली. पहिल्या ट्रेलरची केबिन तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. तिनं दरवाजावर थाप मारली. ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं.

"भैया, सास्तूर जा रहे हो ना? कल से खाना किधर खानेवाले?"

तो काय बोलला ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, पण त्यानं हसून मान हलवली. मुक्ताबाईनं मनात त्याचं एक ताट मांडलं आणि पुढच्या ट्रेलरकडं वळली.